थंड प्रकाशाचे दिवे आणि त्यांचे टिकणे

(अंबाजोगाई येथे संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही नावाजलेला वक्ता नाही. माझी उभी नोकरी आय.टी.आय.मध्ये वायरमनच्या मुलांना शिकवण्यात गेली. संस्थेचे सचिव घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, विज्ञानावर काहीतरी बोला." मी म्हणालो, विज्ञान फार मोठे आहे, मी आपल्या अभ्यासिकेतल्या बल्बांवर बोलतो. ते हसले. त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. म्हणून आज येताना पुरावा घेऊन आलो. टेबलावर जी टोपली दिसते आहे, तिच्यात बंद पडलेले बल्ब आहेत. त्यातले काही आपल्या अभ्यासिकेतले आहेत आणि बाकीचे माझ्या चुकीमुळे बंद पडलेले आहेत. ती चूक मी पुढे सांगणारच आहे.

माझे लहानपण परळीच्या बाजूच्या एका खेड्यात गेले. परळीचे औष्णिक वीज केंद्र १९७१ साली सुरू झाले. रात्री आमच्या माळावरून तिकडचा उजेड दिसायचा. गावात वीज आली, पण ती पाटलाच्या वाड्यापासून चावडीपर्यंत आली आणि थांबली. आमच्या वस्तीत खांब यायला त्यानंतर काही वर्षे गेली. तोवर मी रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास केला. सकाळी नाकात बोट घातले की काळे निघायचे. तेव्हापासून दिवा हा माझ्यासाठी शोभेचा विषय राहिला नाही. दिवा बंद म्हणजे अभ्यास बंद, इतका तो सरळ हिशेब आहे. पुढे भारनियमनाच्या काळात तुमच्यापैकी अनेकांनी हाच अनुभव घेतला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर पाणी नाही म्हणून परळीचे सगळे संचच बंद ठेवावे लागले होते.

आता मूळ विषयाकडे वळतो. विजेपासून प्रकाश मिळवण्याच्या वाटा तीन. पहिली वाट तापवण्याची. जुना पिवळा बल्ब म्हणजे तापून पांढरी झालेली तार. त्याला दिलेल्या १०० वॉटपैकी जेमतेम ५ वॉटचा उजेड होतो, बाकी सगळी ऊब. दुसरी वाट वायूची. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते आणि काचेच्या आतल्या भुकटीला चमकवते. तिसरी वाट अशी की पदार्थ न तापवता, वीज लावताच त्याने स्वतः प्रकाश द्यावा. हिला इलेक्ट्रोल्युमिनेसन्स म्हणतात. आपण आज तिला विद्युतदीप्ती म्हणू.

ह्या विद्युतदीप्तीच्याही दोन जाती आहेत. एक भुकटीची. १९३६ साली पॅरिसमध्ये जॉर्ज देस्त्रियो ह्या शास्त्रज्ञाला दिसले की झिंक सल्फाइडच्या भुकटीला बदलत्या विजेच्या क्षेत्रात ठेवले तर ती उजळते. ह्या भुकटीचा पातळ थर दोन पत्र्यांमध्ये ठेवायचा, त्यातला एक पत्रा पारदर्शक ठेवायचा, की झाला कागदासारखा सपाट दिवा. नव्वदच्या दशकात टाइमेक्सचे एक घड्याळ निघाले होते. त्याची कळ दाबली की पूर्ण तबकडी हिरवट-निळी उजळायची. ज्यांनी ते पाहिले असेल त्यांनी हा दिवा पाहिला आहे. सुंदर दिवा, पण दोन दुखणी. उजेड बेताचा आणि ओलाव्याशी वैर. हवेतला दमटपणा भुकटीपर्यंत पोचला की ती काळवंडते. म्हणून कारखानदारांनी भुकटीच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचे पातळ कवच चढवण्याची युक्ती काढली आणि वरून अख्खा दिवा पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केला. दिवा पेटवणे सोपे आहे, तो टिकवणे अवघड आहे, हे ह्या धंद्यातल्या लोकांना तेव्हाच कळले होते.

दुसरी जात स्फटिकाची, म्हणजेच आपली एल.ई.डी. १९०७ साली मार्कोनी कंपनीतल्या एच. जे. राउंड ह्या इंग्रज अभियंत्याने कार्बोरंडमच्या खड्याला बॅटरी लावली आणि त्याला पिवळट चमक दिसली. कार्बोरंडम म्हणजे आपण ज्यावर सुऱ्यांना धार लावतो तोच पदार्थ. पुढे रशियात ओलेग लोसेव ह्याने ह्या चमकेचा कसून अभ्यास केला. विद्यार्थ्यांनी हे नाव लिहून घ्यावे, कारण तो प्राध्यापक नव्हता. निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत तो साधा तंत्रज्ञ होता. लेनिनग्राडला वेढा पडला तेव्हा, १९४२ साली, तो उपासमारीने मेला. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक ह्यांनी लाल एल.ई.डी. केली. पण पांढरा प्रकाश हवा तर निळी लागते, आणि निळी कोणाला जमेना. ती जमवली जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांनी. त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातले नाकामुरा हे अनान नावाच्या लहान गावातल्या, ट्यूबची भुकटी विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. त्यांचे शिक्षण त्यांच्याच भागातल्या तोकुशिमा विद्यापीठात झाले. यंत्र विकत घेतले तरी ते मनासारखे चालेना, म्हणून स्वतःच्या हाताने नळ्या कापून, जोडून त्यांनी ते बदलले. मला त्यांच्या नोबेलपेक्षा त्या नळ्या जास्त आवडतात.

एल.ई.डी.च्या आत दोन प्रकारच्या स्फटिकांचा सांधा असतो. एका बाजूला जादा इलेक्ट्रॉन, दुसऱ्या बाजूला रिकाम्या जागा. वीज लावली की इलेक्ट्रॉन सांधा ओलांडून रिकाम्या जागेत पडतो आणि पडताना जी शक्ती सुटते तिचा प्रकाश होतो. किती उंचीवरून पडला त्यावर रंग ठरतो. निळ्या चिपवर पिवळी भुकटी थापली की निळा आणि पिवळा मिसळून डोळ्याला पांढरे दिसते. टोपलीतला कुठलाही बल्ब उघडा, तुम्हाला चिपवर हळदीचा ठिपका दिसेल. ती हीच भुकटी.

मग बल्बच्या खोक्यावर पंचवीस हजार तास लिहिलेले असते ते खोटे का? चिपपुरते ते पुष्कळदा खरे असते. पण आपण चिप विकत घेत नाही, बल्ब घेतो.

इथे एक जुनी हकीकत सांगितली पाहिजे. १९२४ साली जिनिव्हा येथे जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी फोबस नावाची टोळी केली. मी मुद्दाम टोळी म्हणतो. त्यांनी ठरवले की बल्ब १००० तासांवर टिकता कामा नये. त्याआधी दीड-दोन हजार तास चालणारे बल्ब बाजारात होते. प्रत्येक कारखान्यातून नमुने मागवून तपासत, आणि ज्याचा बल्ब जास्त टिकला त्याला दंड करत. दुसऱ्या महायुद्धात ही टोळी मोडली. उलट बाजूचे उदाहरणही आहे. २०१६ साली फिलिप्स कंपनीने दुबईच्या नगरपालिकेसाठी एक दिवा काढला. त्यात चिप्स जास्त घातल्या आणि प्रत्येक चिपवरचा ताण कमी ठेवला. एका वॉटला २०० ल्युमेन उजेड, म्हणजे आपल्या नेहमीच्या बल्बच्या जवळजवळ दुप्पट, आणि दिवा आतून कमी तापतो. फिलिप्स त्या १९२४ च्या टोळीतही होती, हे गमतीने लक्षात ठेवा. दिवा किती टिकावा हे बनवणाराच ठरवतो, मग तो जिनिव्हाचा असो की अंबाजोगाईचा.

आता माझ्या चुकीकडे येतो.

सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू केली. घाऊक खरेदीत बल्बचा भाव २०१४ मध्ये ३१० रुपये होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. ही चांगलीच गोष्ट झाली, गरिबाच्या घरात एल.ई.डी. गेली. पण त्याच सुमारास जिकडेतिकडे जाहिराती लागल्या, घरबसल्या बल्ब बनवा, महिन्याला हजारो कमवा. आपल्या दोन सभासदांची मुले त्या नादाला लागली. मुले चांगली, माझीच शिकवलेली. त्यांच्या आयांनी बचत गटातून कर्ज काढले. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून पाचशे बल्बांचा कच्चा माल, टोपी दाबायचे पंचिंग मशीन आणि एका दिवसाचे प्रशिक्षण घेतले. पहिला बल्ब तयार करून मुले माझ्याकडे आली. मी तो टेबलावर होल्डरला लावला, संध्याकाळभर पेटवला, मल्टिमीटरने करंट पाहिला आणि म्हणालो, "फर्स्ट क्लास आहे. वर्षाची गॅरंटी द्या." डिसेंबरचे दिवस होते.

चैत्र लागला आणि बल्ब परत येऊ लागले. वैशाखात तर पिशव्या भरून आले. मुलांनी शब्द दिला होता म्हणून बदलून दिले. बदलून दिलेलेही परत आले. बचत गटाचा हप्ता थकला. एका मुलाची आई माझ्या दारात येऊन काही न बोलता उभी राहिली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

मग आम्ही तिघांनी बसून परत आलेले बल्ब एकेक करून उघडले. जवळपास प्रत्येकात एका चिपच्या पिवळ्या ठिपक्यात मधोमध काळा डाग. चिप्स माळेसारख्या सिरीजमध्ये असतात. एक मेली की सगळी माळ अंधारात. बाकीच्या चिप्स धडधाकट असूनही बल्ब कचऱ्यात जातो.

चिप जळाली का? हिला थंड प्रकाश म्हणतात खरे, पण थंड असतो तो प्रकाश. नऊ वॉटच्या बल्बमध्ये निम्म्याहून अधिक वीज चिपच्या पाठीत उष्णता होऊन साचते. जुन्या बल्बची ऊब किरणांनी बाहेर जात असे. एल.ई.डी.ची ऊब पाठीमागच्या ॲल्युमिनियमच्या चकतीतून, तिथून खोळीत, तिथून हवेत, अशी पायरी-पायरीने उतरावी लागते. त्या मालात चकती पापडासारखी पातळ होती, चकती आणि खोळ ह्यांच्यामध्ये पेस्टचा पत्ता नव्हता आणि खोळ नुसती प्लॅस्टिकची. वर आपली घरे पत्र्याची. मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ अंश असते तेव्हा पत्र्याखाली, जिथे बल्ब लोंबतो तिथे, हात लावून पाहा. आणि मी तो बल्ब तपासला होता डिसेंबरच्या रात्री, उघड्या टेबलावर!

अभ्यासिकेतल्या बल्बांचे दुखणे वेगळे निघाले. ते दुकानातून आणलेले होते आणि त्यांच्या चिप्स शाबूत होत्या. मेला होता तो ड्रायव्हरमधला कपॅसिटर, डोके फुगलेला. विद्यार्थ्यांनी इथे थोडे गणित करावे. कपॅसिटरच्या अंगावर १०५ अंश लिहिलेले असते आणि साध्या मालाचे आयुष्य त्या तापमानाला २००० तास धरतात. दर १० अंश कमी झाले की आयुष्य दुप्पट. म्हणजे ९५ अंशांना ४०००, ८५ ला ८०००, ७५ ला १६०००. दिवा रोज सहा तास जळतो, वर्षाचे सुमारे २२०० तास. तर ९५ अंशांत बसलेला कपॅसिटर दोन वर्षे पुरी करणार नाही आणि तोच ७५ अंशांत सात वर्षे ओलांडील. माल तोच, फरक फक्त वीस अंशांचा. आपल्या अभ्यासिकेत बल्ब बंद काचेच्या गोळ्यात, उलटे बसवले होते. गोळे शोभेला होते. मी ते काढायला लावले, तेव्हा काहींना वाईट वाटले.

तिसरे कारण खेड्यातल्या लाइनीचे. डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. वादळात न्यूट्रल तुटला की दोन घरे नकळत एकमेकांना सिरीजमध्ये जोडली जातात आणि त्यांच्यावर ४०० व्होल्टचा दाब येतो. ज्या घरात कमी उपकरणे चालू, त्या घराला जास्त व्होल्टेज. म्हणजे ज्याच्याकडे एकच बल्ब, त्याचाच बल्ब आधी जातो. गरिबाच्या वाट्याचे हे असे असते. ह्यावर इलाज म्हणजे वॅरिस्टर नावाची चकती आणि फ्यूजसारखा जळणारा रेझिस्टर. दोन्ही मिळून काही रुपयांत येतात. त्या व्यापाऱ्याच्या मालात त्यांच्यासाठी जागा छापलेली होती, पण जागा रिकामी होती!

मग मुलांनी काय केले ते ऐका. चकतीवर आय.सी.च्या शेजारी तांदळाच्या कणीएवढा एक रेझिस्टर असतो. चिप्समधून किती करंट जायचा ते तो ठरवतो. दहा ओहमचा होता, तो काढून पंधरा ओहमचा लावला. करंट एक तृतीयांशाने उतरला. नऊ वॉटचा बल्ब सहा वॉटचा झाला. उजेड मात्र तेवढ्या प्रमाणात उतरला नाही, कारण कमी करंटावर आणि कमी तापमानाला चिप अधिक चांगले काम देते. दुबईच्या दिव्याचे हेच तत्त्व आहे. खोळ ॲल्युमिनियमची घेतली, पेस्ट लावली, रिकाम्या जागा भरल्या. आणि खोक्यावर "६ वॉट" असे छापले. ह्यावर मात्र आमचा वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, सगळे बारा वॉट लिहून नऊ विकतात, आपण नऊच लिहू." मी ऐकले नाही.

तपासणीची पद्धतही बदलली. आता प्रत्येक खेपेतले दहा बल्ब पत्र्याच्या बंद डब्यात दिवसरात्र जाळायचे, मध्येमध्ये बंद-चालू करायचे आणि महिन्याने उघडून पाहायचे. भारतीय मानक ब्युरोचे आय.एस. १६१०२ हे मानक ह्या बल्बांसाठीच आहे, त्यातल्या चाचण्या ह्याहून कितीतरी कडक आहेत. दिव्याचे आयुष्य म्हणजे तो विझेपर्यंतचा काळ नव्हे, तर त्याचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ, असे जाणकार धरतात. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, डबा आहे. पण डब्याने पुष्कळ खोट उघडी पडते.

पुढच्या वर्षभरात परत आलेले बल्ब मोजायला एका हाताची बोटे पुरली. मात्र धंदा जोरात चालला असे मी सांगणार नाही. बाजारात गिऱ्हाईक विचारते, "शेजारी नऊ वॉट कमी पैशात आहे, तुमचा सहा वॉट महाग कसा?" दर वेळी एवढे भाषण कोण देणार? एक मुलगा पुण्याला कंपनीत लागला. दुसरा इथेच आहे, बल्ब बनवण्यापेक्षा दुरुस्तीवर त्याचे घर चालते. बचत गटाचे कर्ज फिटले, पण त्यातला शेवटचा हप्ता मी भरला आहे आणि तो मी माझी फी समजतो.

असे काम मोठ्या प्रमाणावर कसे होते, तेही पाहावे. मुंबईच्या आय.आय.टी.ने २०१३-१४ च्या सुमारास विद्यार्थ्यांसाठी सौर अभ्यासदिव्याचा कार्यक्रम घेतला. चार राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्रही होता, मिळून दहा लाख दिवे विद्यार्थ्यांना १२० रुपयांत दिले. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे की दिवे त्या-त्या भागातल्या लोकांनीच जोडले आणि दुरुस्तीचे शिक्षणही तिथल्याच लोकांना दिले. दिवा बिघडला तर मुंबईला पाठवायचा नाही. त्यातूनच पुढे राजस्थानातल्या डुंगरपूरला आदिवासी स्त्रियांनी सौर पॅनेलची कंपनी उभी केली. नाहीतर आपल्याकडे फुकट वाटलेले सौर कंदील किती माळ्यांवर पडले आहेत ते आपण सर्व जाणतोच. वाटप करताना फोटो काढतात, बॅटरी गेल्यावर कोणी येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. चिप आपण अंबाजोगाईत करू शकत नाही. त्याला धुळीचा कण नसलेल्या खोल्या आणि मोठे भांडवल लागते. पण चिपला ज्या घरात ठेवायचे ते घर, म्हणजे चकती, खोळ, ड्रायव्हर, संरक्षण, हे सगळे आपल्या आवाक्यातले आहे. आणि दिवा मरतो तो ह्या घरामुळेच.

काही जण मेलेल्या चिपवर सोल्डरचा थेंब देऊन बल्ब पेटवतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात. एखाद वेळ चालेल, पण एक चिप वगळली की तिच्या वाट्याचा दाब आय.सी.वर येतो आणि ती तापते. शक्य तर त्याच जातीची चिप बसवा. दुसरे, अशा बल्बांत बहुधा मेनपासून काही वेगळेपणा नसतो. ॲल्युमिनियमची चकती दिसते म्हणून हात लावू नका. बल्ब काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठलेले असू शकतात. माझ्या डाव्या हाताला ह्याची आठवण आहे.

अभ्यासाला बसणाऱ्या मुलामुलींसाठी आणखी एक तपासणी. काही स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा मिटतात आणि उघडतात. डोळ्याला दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. बल्बखाली पेन्सिल भराभर हलवा. एकच पुसट पट्टा दिसला तर ठीक. एकाच्या अनेक पेन्सिली सुट्या-सुट्या दिसल्या तर तो दिवा जिन्यात लावा, पुस्तकावर नको.

संस्थेपुढे माझे मागणे लहान आहे. विहाराच्या मागच्या खोलीत एक टेबल, दोन सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर आणि तो पत्र्याचा डबा, एवढे ठेवू द्यावे. रविवारी सकाळी मी बसेन. अकरावी-बारावीची मुले-मुली यावीत, मुलींनी विशेष यावे, कारण बारीक सोल्डरिंग त्यांच्या हातून सुबक होते असा माझा वर्गातला अनुभव आहे. वस्तीतल्या घराघरातून मेलेले बल्ब गोळा करून आणा. प्रत्येक बल्ब उघडून तो कशाने मेला ते वहीत लिहायचे, नंतर दुरुस्ती. वर्षभराने ती वही पाहून ठरवू की आपण कुठला बल्ब विकत घ्यायचा आणि बनवायचा झाला तर कसा.

अभ्यासिकेत आता त्या मुलाने बनवलेले दिवे लावले आहेत. प्रत्येकाच्या टोपीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिली आहे. त्यातला खिडकीजवळचा एक गेल्या मंगळवारी गेला. तो मी अजून उघडलेला नाही. सभा संपल्यावर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी टेबलाजवळ यावे, इथेच उघडू.